आखलेली मैदाने, अडवलेली माणसे: अमेरिकेतील खेळांच्या आरंभकाळाचा आढावा

अमेरिकेतील दोन कॉलेजांमध्ये झालेला पहिला क्रीडासामना एका रेल्वे कंपनीने भरवला होता. बोस्टन, काँकर्ड अँड माँट्रियल या कंपनीचा मार्ग न्यू हॅम्पशर राज्यातल्या विनिपिसॉकी सरोवराच्या परिसरातून जात असे. तिकडे सहलीला गर्दी व्हावी म्हणून कंपनीचे अधिकारी जेम्स एल्किन्स यांनी हार्वर्ड आणि येल या कॉलेजांच्या वल्हेकऱ्यांना आमंत्रण दिले आणि त्यांचा सगळा खर्च उचलला. ३ ऑगस्ट १८५२ रोजी शर्यत झाली. हार्वर्ड जिंकले आणि बक्षीस म्हणून चांदी जडवलेली, काळ्या अक्रोडाच्या लाकडाची वल्ही घेऊन गेले.

पूर्वी खेळ हौसेखातर खेळले जात, पुढे त्यांत पैसा शिरला आणि ते नासले, असा सूर अमेरिकी खेळांबद्दल बोलताना हमखास लागतो. जुनी कागदपत्रे पाहिली तर असा सोवळा काळ कुठेच सापडत नाही. पैज, जाहिरात, तिकीट, प्रतिष्ठा आणि राजकारण ही सगळी मंडळी पहिल्यापासून मैदानावर हजर आहेत. मग आरंभकाळाचा इतिहास वाचायचा तो कशासाठी? माझ्या मते त्याचे उत्तर नियमांत दडलेले आहे. सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत अमेरिकेत खेळांना हळूहळू लेखी नियम मिळाले, संघटना मिळाल्या, नोंदवह्या मिळाल्या. त्याच काळात, आणि पुष्कळदा त्याच लोकांच्या त्याच बैठकांत, खेळायला कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही हेही ठरत गेले. मैदानाची रेघ आणि माणसांची रेघ एकाच हाताने आखली गेली. या दोन रेघा एकत्र पाहिल्याशिवाय अमेरिकी खेळांची घडण कळत नाही.

आधीपासूनचे खेळ

या खंडात खेळ युरोपीय लोकांनी आणले नाहीत. पूर्वेकडच्या अरण्यांत आणि पाच महासरोवरांच्या काठांवर जाळीच्या काठीने चेंडू झेलण्याचा आणि फेकण्याचा खेळ मूलनिवासी कित्येक पिढ्या खेळत होते. त्याचेच पुढे लॅक्रॉस झाले. जेझुइट धर्मप्रसारक झाँ द ब्रेब्यूफ यांनी १६३६ मध्ये ह्युरॉन लोकांच्या खेळाचे वर्णन केले आहे. एखादा माणूस आजारी पडला की वैदू उपचार म्हणून सामना खेळायला सांगे आणि गावेच्या गावे त्यासाठी जमत, असे ते लिहितात. होडेनोशोनी, म्हणजे इरोक्वा राष्ट्रे, आजही या खेळाला सृष्टिकर्त्याची देणगी मानतात. दक्षिणेकडच्या चेरोकी लोकांत सामन्याच्या आदल्या रात्री नृत्य होई, खेळाडू उपास धरत, पहाटे नदीवर विधी होत. जेम्स मूनी या अभ्यासकाने १८९० मध्ये हे सगळे तपशीलवार टिपून ठेवले.

याचा अर्थ हा खेळ फक्त पूजाअर्चेचा होता असा नाही. चित्रकार जॉर्ज कॅटलिन यांनी १८३४ मध्ये चॉक्टॉ लोकांचा सामना पाहून त्याची चित्रे काढली. त्यांत शेकडो खेळाडू एकाच वेळी चेंडूसाठी झुंजताना दिसतात. त्यांच्या वर्णनानुसार दोन्ही बाजूंच्या लोकांनी सुऱ्या, कपडे, घोंगड्या, भांडी, कुत्री, घोडे, बंदुका असे काय काय पणाला लावले होते. श्रद्धा, औषध, जुगार, युद्धाची तालीम आणि करमणूक हे सारे तिथे एकाच मैदानावर नांदत होते. युद्धाशी असलेले नाते तर इंग्रजांना फार जवळून कळले. २ जून १७६३ रोजी मिशिलिमॅकिनॅक किल्ल्याबाहेर ओजिब्वे लोकांनी सामना मांडला. शिपाई बघत उभे राहिले. चेंडू तटाकडे गेला, खेळाडू त्यामागे धावले, बायकांनी घोंगड्यांखाली लपवून आणलेली शस्त्रे हातात घेतली आणि किल्ला पडला.

शंभरेक वर्षांनी या खेळाला नियमावली मिळाली. माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये खेळाडूंची संख्या, मैदानाची मापे, चेंडूचा प्रकार ठरवून दिला. पुढे १८८० मध्ये कॅनडाच्या लॅक्रॉस संघटनेने मूलनिवासी खेळाडूंना अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून वगळले. प्रवासखर्चासाठी ते पैसे घेतात, म्हणून ते हौशी ठरत नाहीत, असे कारण पुढे केले गेले. ज्यांच्या पूर्वजांनी खेळ घडवला त्यांनाच तो खेळण्यास अपात्र ठरवले गेले, आणि तेही नियम लिहून झाल्यावर तेरा वर्षांच्या आत.

वसाहतींतला धर्म, वसाहतींतली पैज

१६२१चा नाताळ. प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड नेहमीप्रमाणे सगळ्यांना कामाला बोलावतात. त्यांच्या पंथाला नाताळचा सण मान्य नव्हता. नुकत्याच आलेल्या काही मंडळींनी सांगितले की सणादिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही. ब्रॅडफर्डनी त्यांना मोकळीक दिली. दुपारी परतून पाहतात तो ही मंडळी रस्त्यात चेंडू खेळताहेत, जड दांडा फेकण्याची चढाओढ करताहेत. त्यांनी खेळाचे सामान जप्त केले. सण पाळायचा तर घरात बसून पाळा, इतर लोक राबत असताना तुम्ही खेळणे माझ्या विवेकबुद्धीला पटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या प्रसंगावरून प्युरिटन लोक खेळांचे वैरी होते असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो अर्धवट आहे. शिकार, मासेमारी, शरीराला चपळ ठेवणारा व्यायाम यांना त्यांची ना नव्हती. रविवार मोडणारे, जुगाराला पोसणारे आणि प्राण्यांचे रक्त सांडणारे खेळ त्यांना नको होते. इंग्लंडच्या राजाने १६१८ मध्ये जाहीरनामा काढून रविवारच्या प्रार्थनेनंतर खेळायला परवानगी दिली होती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने रविवारचा खेळ हा राजसत्तेशी असलेल्या भांडणाचाही भाग होता.

दक्षिणेकडे चित्र वेगळे होते. व्हर्जिनियातले तंबाखूचे मळेवाले घोड्यांच्या शर्यतींवर जीव टाकत. रानातून सरळ काढलेल्या पाव मैलाच्या पट्ट्यावर दोन घोडे सुसाट सोडायचे आणि त्यावर शेकडो पौंड तंबाखू लावायचा. १६७४ मध्ये यॉर्क परगण्याच्या न्यायालयापुढे आलेला एक खटला या जगाचा अर्क आहे. जेम्स बुलक नावाच्या शिंप्याने मॅथ्यू स्लेडर यांच्या घोड्याशी आपली घोडी पळवण्याची पैज दोन हजार पौंड तंबाखूवर लावली. न्यायालयाने बुलकला शंभर पौंड तंबाखूचा दंड ठोठावला. शर्यत हा खानदानी लोकांचा खेळ आहे, मजुराने तो खेळणे कायद्याला धरून नाही, हे त्याचे कारण. स्लेडर यांनी शर्यत मुद्दाम सोडून देण्याचा बेत केल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांनाही तासभर खोड्यात अडकवले गेले. म्हणजे लबाडीलाही शिक्षा झाली, पण शिंप्याचा गुन्हा लबाडीचा नव्हताच. तो खेळला, हाच त्याचा गुन्हा होता. टी. एच. ब्रीन या इतिहासकारांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवून दिले की या शर्यती म्हणजे मळेवाल्यांच्या वर्चस्वाचे जाहीर प्रदर्शन होते. बघायला सगळ्यांनी यायचे, खेळायचे मात्र मोजक्यांनी.

उत्तरेत न्यूयॉर्कचे गव्हर्नर रिचर्ड निकल्स यांनी १६६५ मध्ये लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेडच्या माळावर शर्यतीचे मैदान आखून घेतले आणि त्याला इंग्लंडातल्या न्यूमार्केटचे नाव दिले. दीडशे वर्षांनी याच बेटावर अमेरिकेतला पहिला राष्ट्रव्यापी म्हणावा असा क्रीडासोहळा झाला. २७ मे १८२३ रोजी युनियन कोर्सवर उत्तरेचा एक्लिप्स आणि दक्षिणेचा सर हेन्री हे घोडे समोरासमोर आले. प्रत्येक बाजूने २०,००० डॉलर लावले होते. चार-चार मैलांच्या तीन फेऱ्या आणि दोन जिंकणारा विजयी. वर्तमानपत्रांनी साठ हजार प्रेक्षकांचा अंदाज दिला, तोही न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या १८२०च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या आतबाहेर असताना. पहिली फेरी सर हेन्रीने मारली. मग उत्तरेच्या गोटाने जॉकी बदलला. सॅम्युअल पर्डी हा मुरलेला स्वार खोगिरावर चढला, त्याने आतल्या बाजूने घोडा काढला आणि उरलेल्या दोन्ही फेऱ्या एक्लिप्सने जिंकल्या. गुलामीच्या प्रश्नावर देश दुभंगायला लागला होता. तो ताण घोड्यांच्या नावांवर ओवाळून हजारो लोकांनी एका दिवसात अनुभवला. पुढच्या वर्षांत उत्तर विरुद्ध दक्षिण अशा शर्यतींची मालिकाच सुरू झाली.

या घोड्यांची निगा राखणारे, त्यांना शिकवणारे आणि दक्षिणेत पुष्कळदा त्यांच्यावर बसणारे हात गुलामांचे होते. खेळाचे हे दुसरे अंग फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मकथनात उघडे केले. नाताळ ते नववर्ष या सुट्टीत मालक गुलामांना कुस्त्या, धावण्याच्या शर्यती आणि चेंडूफळी खेळायला आणि दारू प्यायला उत्तेजन देत. बंडाची ऊर्मी दाबून ठेवायला ही सुट्टी उपयोगी पडते, असे त्यांचे निरीक्षण आहे. याच व्यवस्थेतून अस्सल कौशल्यही फुलले. १७ मे १८७५ रोजी झालेल्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या अ‍ॅरिस्टाइड्सवर ऑलिव्हर लुइस बसला होता आणि त्या घोड्याचे शिक्षक अँसेल विल्यमसन हे पूर्वी गुलाम होते. आयझॅक मर्फी यांनी ही शर्यत १८८४, १८९० आणि १८९१ अशी तीनदा जिंकली. मग बक्षिसांच्या रकमा वाढल्या, गोऱ्या जॉकींनी शर्यतीतच संगनमताने कोंडी करायला सुरुवात केली, मालकांनी काम देणे थांबवले. जिमी विंकफील्ड यांनी १९०१ आणि १९०२ मध्ये डर्बी जिंकली आणि थोड्याच वर्षांत रशियाची वाट धरली. त्यानंतर एकाही कृष्णवर्णीय जॉकीने केंटकी डर्बी जिंकलेली नाही.

क्रिकेट मागे का पडले?

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न हटकून पडतो. इंग्रजांची वसाहत असलेल्या या देशात क्रिकेट का रुजले नाही? खरे तर ते चांगले रुजले होते. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना सप्टेंबर १८४४ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबच्या मैदानावर अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. कॅनडा २३ धावांनी जिंकला. १८५९ मध्ये जॉर्ज पार यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचा संघ उत्तर अमेरिकेत आला. परदेश दौऱ्यावर निघालेला हा पहिला इंग्लिश संघ. फिलाडेल्फियात तर क्रिकेट पहिल्या महायुद्धापर्यंत जोमात होते. तिथल्या बार्ट किंगने बेसबॉलमध्ये कमावलेली फेक गोलंदाजीत आणून चेंडू हवेत वळवण्याचे तंत्र घडवले. १८९७ मध्ये होव्हच्या मैदानावर त्याने ससेक्सचे ७ बळी १३ धावांत घेतले. त्यात रणजितसिंहांचा पहिल्याच चेंडूवर उडवलेला त्रिफळा होता. दोन वर्षांनी रणजी स्वतःच संघ घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले.

तरीही बाजी बेसबॉलने मारली. क्रिकेटला वेळ लागतो आणि अमेरिकी माणसाला घाई असते, हे ठरलेले उत्तर पुरेसे नाही, कारण त्या काळी क्रिकेट खेळणाऱ्यांत इंग्लंडहून आलेले गिरणीकामगार आणि कारागीरही होते. मेल्विन एडेलमन आणि जॉर्ज कर्श या इतिहासकारांनी अधिक पटणारी कारणे मांडली आहेत. चांगली खेळपट्टी राखणे खर्चाचे होते, बेसबॉलला कुठलाही सपाट तुकडा चाले. क्रिकेटच्या नियमांचा धनी लंडनमध्ये होता, तर बेसबॉलचे नियम स्थानिक क्लब आपल्या सोयीने बदलू शकत होते. क्रिकेट क्लबांवर इंग्रज व्यावसायिकांची छाप होती, त्यामुळे अमेरिकी मुलाला तिथे आपलेपणा वाटेना. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाने उरलेले काम केले. छावण्यांमध्ये आणि कैदी-तळांवर सैनिक बेसबॉल खेळले आणि घरी परतताना तो खेळ गावोगावी घेऊन गेले.

गंमत अशी की बेसबॉलला आकार देणारे हातही क्रिकेटचेच होते. धावफलकाचा तक्ता आणि आकडेवारीची शिस्त आणणारे पत्रकार हेन्री चॅडविक जन्माने इंग्लिश आणि मुळात क्रिकेटचे वार्ताहर. पहिल्या उघड व्यावसायिक संघाचे कर्णधार हॅरी राइट यांचा जन्म शेफील्डचा, वडील सेंट जॉर्ज क्लबचे क्रिकेट प्रशिक्षक.

हे मूळ मान्य करणे मात्र अनेकांना जड गेले. बेसबॉल अस्सल देशी ठरावा म्हणून खेळसाहित्याचे व्यापारी अल्बर्ट स्पाल्डिंग यांच्या पुढाकाराने १९०५ मध्ये मिल्स समिती बसली. अ‍ॅब्नर डबलडे या सेनाधिकाऱ्याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन गावात हा खेळ शोधला, असा निर्वाळा समितीने दिला. आधार होता एका वृद्धाच्या आठवणीचा. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते आणि आपण बेसबॉल शोधला असे त्यांनी हयातीत कधी म्हटले नाही. तरीही याच तथाकथित शोधाच्या शताब्दीला, १९३९ मध्ये, कूपर्सटाउनला बेसबॉलचे मानमंदिर उभे राहिले. डेव्हिड ब्लॉक आणि जॉन थॉर्न यांच्या संशोधनानंतर आता शंका उरलेली नाही. बेसबॉलचा छापील उल्लेख १७४४च्या एका इंग्लिश बालपुस्तकात आहे आणि मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये नव्या सभागृहाच्या खिडक्या वाचवण्यासाठी त्याच्या ८० यार्डांच्या आत बेसबॉल खेळायला बंदी केली होती. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहिलेले नियम हे एका जुन्या, पसरलेल्या खेळाला दिलेले शहरी रूप होते.

त्या खेळाने जिंकलेल्या भूमीवर क्रिकेट आता पुन्हा पाय रोवते आहे. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकातले सामने लाँग आयलंडवर, निकल्सने मैदान आखलेल्या त्याच माळाच्या परिसरात झाले. डॅलसला अमेरिकेने पाकिस्तानला हरवले, तेव्हा निर्णायक सुपर ओव्हर मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरने टाकली. क्रिकेट अमेरिकेत पहिल्यांदा स्थलांतरितांनी नेले होते आणि पुन्हा तेच नेत आहेत.

बैठकीत ठरलेले बहिष्कार

१८५७ मध्ये क्लबांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन नऊ डाव, तळांमध्ये नव्वद फूट अंतर हे नियम पक्के केले आणि त्यातून बेसबॉलपटूंची राष्ट्रीय संघटना जन्मली. त्याच संघटनेने दहा वर्षांनी काय केले ते जवळून पाहायला हवे.

ऑक्टेव्हियस कॅट्टो हे फिलाडेल्फियाच्या कृष्णवर्णीय समाजातले शिक्षक आणि मताधिकाराच्या लढ्यातले कार्यकर्ते. पायथियन या बेसबॉल क्लबचे ते संघटक आणि खेळाडू. ऑक्टोबर १८६७ मध्ये पायथियनने पेनसिल्व्हेनियाच्या राज्य संघटनेकडे सदस्यत्वासाठी अर्ज केला. हॅरिसबर्गच्या अधिवेशनात त्यांच्या प्रतिनिधीशी सगळे सौजन्याने वागले. अर्ज मागे घ्या, म्हणजे मतदानात नाचक्की होणार नाही, असा सल्लाही मिळाला. अर्ज मागे घेतला गेला. डिसेंबरात राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले, तेही फिलाडेल्फियातच. एक जरी कृष्णवर्णीय सदस्य असेल तर त्या क्लबला प्रवेश देऊ नये, असे तिथे ठरले. वादाचा विषय संघटनेत नको, असे त्याचे समर्थन होते. १८६९ मध्ये पायथियन संघ शहरातल्या ऑलिंपिक या गोऱ्या क्लबशी खेळला, हरला, पण सामना नीट पार पडला. मैदानावर अडचण नव्हती हे त्यातून स्पष्ट होते. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, कृष्णवर्णीय मतदारांवर हल्ले चालू असताना कॅट्टो यांना रस्त्यात गोळ्या घालून मारण्यात आले.

पुढे खेळ व्यवसाय झाला. १८६९च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघाने खेळाडूंना उघडपणे पगार दिला. सर्वाधिक १,४०० डॉलर हॅरीचा भाऊ जॉर्ज राइट याला. त्या हंगामात हा संघ हरलाच नाही. १८७६ मध्ये विल्यम हल्बर्ट यांनी नॅशनल लीग स्थापली आणि सत्ता खेळाडूंच्या हातून क्लबमालकांकडे गेली. १८७९ मध्ये मालकांनी आपसांत राखीव खेळाडूंचा करार केला. ज्याचे नाव राखीव यादीत गेले त्याला दुसरा कुठलाही क्लब घेणार नाही. आरंभी प्रत्येक क्लबच्या पाच खेळाडूंपुरती असलेली ही अट हळूहळू सगळ्यांना लागू झाली. कायद्याचे शिक्षण घेतलेला खेळाडू जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने संघटना बांधली, १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीग उभी केली. ती एकच हंगाम टिकली.

मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्ये टोलेडोकडून प्रमुख लीगमध्ये खेळले. त्यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंबरोबर मैदानात उतरायला शिकागोचे नामवंत कर्णधार कॅप अ‍ॅन्सन नकार देत. १४ जुलै १८८७ रोजी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी करार न करण्याचे ठरवले. बाकीच्या ठिकाणी असा ठराव करण्याचीही गरज भासली नाही. सगळ्या मालकांनी तोंडी समजुतीने तो पाळला, तो थेट १५ एप्रिल १९४७ रोजी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन प्रमुख लीगच्या मैदानावर उतरेपर्यंत.

कॉलेजचा फुटबॉल, शाळेचा फुटबॉल

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्झविकला रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले. हा पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानतात. एका बाजूला पंचवीस खेळाडू आणि चेंडू हातात घेऊन पळायला मनाई, म्हणजे आजच्या अमेरिकी फुटबॉलशी त्याचे नाते दूरचेच. १८७४ मध्ये माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळला आणि रग्बीची वाट खुली झाली. येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० नंतर तिला अमेरिकी वळण दिले: अकरा खेळाडू, चेंडूवर एका संघाचा निर्विवाद ताबा, आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याची सक्ती. या सक्तीमुळे पाच-पाच यार्डांवर रेघा आल्या, आखीव डावपेच आले आणि गठ्ठ्याने अंगावर धावून जाण्याचे प्रकारही आले. १९०५च्या हंगामात देशभर १८ मृत्यू झाल्याचे शिकागो ट्रिब्यूनने मोजले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ९ ऑक्टोबरला हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. १९०६ मध्ये पुढे चेंडू फेकण्याची मुभा मिळाली, पाच यार्डांचे दहा झाले आणि कॉलेजांच्या खेळांसाठी जी नवी संघटना निघाली तिचेच १९१० मध्ये एनसीएए असे नामकरण झाले.

या इतिहासाचा सर्वांत बोलका अध्याय पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन स्कूलमध्ये घडला. लष्करी अधिकारी रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी १८७९ मध्ये काढलेल्या या निवासी शाळेत मूलनिवासी मुलांचे केस कापत, त्यांची भाषा बोलू देत नसत, नावे बदलत. या शाळेचा संघ प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या हाताखाली देशातल्या बलाढ्य कॉलेजांना भारी पडू लागला. अंगाने लहान असलेल्या या मुलांनी वेग, हुलकावणी आणि हवेतली फेक यांचा खेळ रचला. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांनी वेस्ट पॉइंटच्या लष्करी संघाला २७-६ असे लोळवले. पाडाव झालेल्या त्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते. विजयी संघाचा मोहरा जिम थॉर्प त्याच वर्षी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटाथलॉन आणि डेकॅथलॉनची सुवर्णपदके घेऊन आला होता. पूर्वी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याच्या कारणाने १९१३ मध्ये ती पदके काढून घेतली गेली. त्या दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्यांचे नाव पुन्हा लागायला २०२२ साल उजाडले. हौशीपणाची अट गरिबावर कशी उलटते याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

स्प्रिंगफील्डची व्यायामशाळा

बहुतेक खेळ लोकांत वाढले आणि मग कागदावर आले. बास्केटबॉल आधी कागदावर आला. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची वायएमसीएची प्रशिक्षणशाळा. बाहेर बर्फ, आत कवायतीला कंटाळलेले अठरा विद्यार्थी. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण कॅनेडियन शिक्षकाला नवा खेळ तयार करायला सांगितले. नेस्मिथनी विचार केला तो दुखापतीचा. चेंडू घेऊन पळायचे नाही म्हणजे पळणाऱ्याला पाडायचे कारण उरत नाही. लक्ष्य डोक्याच्या वर, आडवे ठेवायचे म्हणजे चेंडू जोरात मारून उपयोग नाही, अलगद टाकावा लागेल. त्यांनी खोकी मागितली, रखवालदाराला पीच फळांच्या टोपल्या मिळाल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवरच असते. तेरा नियम टंकलिखित करून फळ्यावर लावले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ खेळू लागले. त्या वर्गात एक जपानी विद्यार्थीही होता. १८९५ मध्ये जवळच्याच होलिओक गावात विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल तयार केला. वायएमसीएच्या जाळ्यातून हे दोन्ही खेळ झपाट्याने जगभर गेले, भारतातही त्याच वाटेने आले.

नवा खेळ, म्हणून त्यावर कोणाची जुनी मालकी नव्हती. याचा फायदा स्त्रियांनी तत्काळ उठवला. शोध लागून वर्ष-सव्वा वर्ष होत नाही तोच स्मिथ कॉलेजच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा सामना भरवला. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्डच्या मुलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींना २-१ असे हरवले. पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. बेरेन्सननी मैदानाचे तीन भाग करून खेळाडूंना आपापल्या भागात बांधले, चेंडू हिसकावायला मनाई केली. दमछाक आणि धसमुसळेपणा स्त्रियांना शोभत नाही या टीकेपासून खेळ वाचवण्याची ती युक्ती होती. तिच्यामुळे मुलींचा खेळ टिकला, आणि तिच्यामुळेच कित्येक दशके आखडूनही राहिला.

इतिहासकारांचा वाद आणि आपले माप

अमेरिकी खेळांच्या अभ्यासाला सुरुवात करून देणारा फ्रेडरिक पॅक्सन यांचा १९१७चा लेख म्हणतो की पश्चिमेकडची मोकळी जमीन संपली तेव्हा समाजाची कोंडलेली ऊर्जा खेळांत वाहू लागली. जॉन बेट्स यांनी रेल्वे, तारायंत्र आणि छपाईवर भर दिला. एडेलमन यांनी न्यूयॉर्कच्या नोंदींवरून दाखवले की खेळांची आधुनिक घडी यादवी युद्धाच्या आधीच, शहरांत बसू लागली होती. पॅक्सन यांची मांडणी आज टिकत नाही, कारण १८२३ची शर्यत आणि १८५७ची परिषद ही मोकळी जमीन संपण्याच्या कित्येक दशके आधीची आहेत. बेट्स आणि एडेलमन मात्र एकमेकांना पूरक आहेत. विनिपिसॉकीच्या सरोवरावर दोघांचेही म्हणणे एकाच दिवशी खरे ठरले होते.

सर्वांत प्रभावी मांडणी अ‍ॅलन गटमन यांची. १९७८च्या ग्रंथात त्यांनी आधुनिक खेळाची सात लक्षणे सांगितली: ऐहिकता, समान संधी, विशेषीकरण, तर्कशुद्ध नियम, नोकरशाही, मोजमाप आणि विक्रमांचा ध्यास. यातली सहा लक्षणे अमेरिकेच्या इतिहासात ठळक दिसतात. समान संधीचे तसे नाही. खेळ आधुनिक होत गेला तशी ती आपोआप आली नाही. अनेकदा उलटेच घडले. १८७५ मध्ये डर्बीत असलेले कृष्णवर्णीय जॉकी खेळ अधिक संघटित झाल्यावर दिसेनासे झाले. वॉकर १८८४ मध्ये खेळू शकले, १९०४ मध्ये त्यांच्यासारखा कोणी खेळू शकत नव्हता. नियमावली, संघटना, नोंदी ही साधने दोन्हीकडे वळतात. खेळ न्याय्य करायला ती लागतात आणि माणसे वगळायलाही तीच उपयोगी पडतात. कोणत्या बाजूला वळतील हे बैठकीत कोण बसले आहे यावर ठरते.

विक्रमांची वहीसुद्धा यातून सुटलेली नाही. मेजर लीग बेसबॉलने २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातल्या, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगना प्रमुख लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे आपल्या नोंदींत घेतले. लगेच कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीच्या जागी टाय कॉब यांचे नाव खाली गेले आणि .३७२ सरासरीचे जॉश गिब्सन वर आले. गिब्सन १९४७ मध्येच वारले होते. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परततो आहे आणि आपल्या स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्या, अशी मागणी होडेनोशोनी राष्ट्रांनी लावून धरली आहे. या मागणीला भावनेचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येणार नाही. तीन शतकांचा हा आढावा सांगतो की ती खेळाच्या नियमांचीच मागणी आहे. मैदान किती यार्डांचे, चेंडू किती वजनाचा, हे ठरवण्याइतकेच त्यावर कोणाचा हक्क हे ठरवणेही नियमांतच येते, आणि १६७४ पासून ते तिथे आहे. म्हणून कुठल्याही देशाचा क्रीडेतिहास लिहिताना विजेत्यांच्या यादीआधी सदस्यांची यादी उघडावी, आणि नाकारलेले अर्जही वाचावेत.